सर्वांत जुना वाचक

भूल देऊन निजवलेल्या माणसाला 'नेमकं कुठे दुखत होतं?' असं विचारता येतं आणि तो उत्तरही देतो, याचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं. तालुक्याच्या साध्या रुग्णालयातसुद्धा ही सोय होती. मानेत टोचलेल्या मुगाएवढ्या यंत्रातून माणसाच्या मेंदूची आणि शरीराची नोंद सतत बाहेर जायची. तिला देहछाप म्हणत. देहछाप म्हणजे माणूस नव्हे, हे शाळेतल्या मुलांनाही शिकवत असत. पण तिला काही विचारलं, तर त्या क्षणी त्या माणसाने जे उत्तर दिलं असतं तेच ती द्यायची, त्याच आवाजात, त्याच खोडकरपणाने किंवा त्याच वैतागाने.

माणूस गेला की तेराव्या दिवशी त्याची देहछाप पुसून टाकायची, असा कायदा होता. पहिली काही वर्षं तो नव्हता. तेव्हा लोक आपल्या गेलेल्या माणसांशी तासन्‌तास बोलत बसायचे, चूल पेटायची नाही, पोरं शाळेत जायची नाहीत. शेवटी सरकारलाच मध्ये पडावं लागलं.

या सगळ्या देहछापा जिथे ठेवल्या जात, त्या माहितीच्या कोठाराचं नाव कणगी. कणगी कुठल्या कंपनीच्या मालकीची नव्हती. तिची आज्ञावली कुणीही वाचावी, कुणीही सुधारावी, फुकट वापरावी. जगभरातले काही हजार लोक आपापली पोटापाण्याची कामं सांभाळून तिची डागडुजी करत. स्वतःला ते कणगीकर म्हणवत. मोठी भांडखोर जमात! एका स्वल्पविरामावरून आठवडाभर वाद घालतील आणि नवी आवृत्ती निघाली की एकमेकांना पेढ्यांची चित्रं पाठवतील. त्यांच्यातल्या वीस-पंचवीस अनुभवी लोकांना राखणदार म्हणत. कोणता बदल आत घ्यायचा आणि कोणता नाही, ते राखणदार ठरवत. ठरवायची रीतही त्यांचीच होती. बदल सगळ्यांना दिसेल अशा सामाईक यादीवर मांडायचा आणि मुदत द्यायची. मुदतीत एकाही राखणदाराने कारण देऊन विरोध केला, तर बदल जागच्या जागी थांबायचा. सगळे गप्प राहिले, तर मंजूर. बैठका नकोत, पुढारीपणा नको म्हणून काढलेली ही रीत त्यांना फार आवडायची.

कणगीचं खरं शहाणपण मात्र एकाच गोष्टीत होतं. ती जुनं खोडून त्यावर नवं लिहीत नसे. जुन्याच्या शेजारी नवं ठेवायची आणि दोघांवर क्रमांक घालायची. त्यामुळे एखादा डॉक्टर दुपारी बाराला नोंद वाचायला बसला, तर त्याचं वाचन संपेपर्यंत त्याला बाराचंच जग दिसत राहायचं, बाहेर काहीही बदलो. तो उठला, की झाडलोट व्हायची. ज्याच्याकडे आता कुणीच पाहत नाही, ते जुनं कायमचं निघून जायचं. पण एकही वाचक पाहत बसला असेल, तर त्याच्या क्षणाचं काहीच हलवता येत नसे.

आणि एक वाचक तीन वर्षं उठलेलाच नव्हता.

---

ऋजुता मोकाशी शनिवारी सकाळी पुण्याहून निघाली आणि दुपारी सटाण्यात पोचली. कणगीची ती सर्वांत जुन्या राखणदारांपैकी एक. वाचक कोण आहे हे तिने खोदून काढलं, तेव्हापासून तिला नीट जेवण गेलं नव्हतं. दारावर नाव होतं रूपाली देवरे. ओवी देवरेची आई.

ओवी त्यांची सर्वांत तरुण राखणदार होती. पित्ताशयाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली आणि भुलेतच तिचं हृदय थांबलं. कुणाची चूक नव्हती. ती गेली तेव्हा यादीवर दिवसभर कुणी काही लिहिलं नव्हतं, आणि कणगीकर दिवसभर गप्प बसले असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

रूपालीकाकूंनी दार उघडलं. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये बायकांवर मुकादम म्हणून उभा जन्म काढलेली ही बाई; आवाजात अजून ती जरब होती.

"पुण्याच्या का? बसा. ओवी तुमचं नाव घ्यायची. जेवून निघाल्या नसाल."

"नको काकू, मी जरा वेगळ्याच कामाला..."

"काम काय ते मग सांगा. आधी दोन घास खा."

स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी एक वाचनयंत्र ठेवलेलं होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी नातेवाइकांना देतात तसलंच, पुस्तकाएवढं. त्याला दोन बॅटऱ्या जोडल्या होत्या आणि वर स्वच्छ रुमाल घातला होता. रुग्णालयाने ते परत मागितलं, तेव्हा काकूंनी हरवलं म्हणून सांगितलं होतं आणि दंड भरला होता.

"तेराव्याला पुसतात म्हणे," काकू भाकरी वाढत म्हणाल्या. "मी रडून रडून वाट बघत बसले, आता बंद पडेल, मग बंद पडेल. पडलंच नाही. मला वाटलं देवाला दया आली."

ऋजुताने घास खाली ठेवला. "देवाला नाही काकू. ओवीला."

आणि तिने सांगितलं. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी शस्त्रक्रिया चालू असताना कणगीने डॉक्टरला वाचनातून मध्येच उठवलं होतं. फार वेळ बसला म्हणून. तो पेशंट दगावला. ओवीने ते ऐकलं आणि आठवडाभरात नवा नियम लिहून यादीवर मांडला: वाचकाला कणगीने कधीही, कुठल्याही कारणाने उठवायचं नाही. त्याला ती वाचकधर्म म्हणायची. एवढे जाणते लोक, पण कुणालाच सुचलं नाही की एखादा वाचक स्वतःहून उठलाच नाही तर काय. सगळ्यांनी वाचलं, सगळ्यांना पटलं, सगळे गप्प राहिले. मंजूर.

"म्हणजे तिच्याच नियमामुळे ती इथे आहे," काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान दाटून आला की ऋजुताला पुढचं बोलवेना.

"मग तुम्ही कशाला आलात?"

"काकू, कणगीतल्या प्रत्येक नोंदीवर क्रमांक असतो, आणि ते क्रमांक संपतात. घड्याळासारखं आहे ते. बारानंतर पुन्हा एक. आता समजा अकरा वाजलेत, आणि मी तुम्हाला नुसतं 'दोन' म्हटलं. तर दोन वाजून गेलेत की वाजायचेत?"

"ते कसं सांगणार? सकाळचे की दुपारचे ते कळायला नको?"

"कणगीलाही तेच कळेनासं होणार आहे. जुने क्रमांक मोकळे झाले तर ती ते पुन्हा वापरते. पण तुम्ही तीन वर्षांपूर्वीच्या क्षणात बसून आहात, म्हणून त्यानंतरचं काहीच मोकळं होत नाही. काटा फिरून पुन्हा तुमच्यापाशी यायला आलाय. आला, की आज लिहिलेलं तिला 'अजून घडायचंय' असं वाटेल. आजच्या पेशंटच्या नोंदी डॉक्टरांना दिसणारच नाहीत. तसं होऊ नये म्हणून ती त्याआधीच लिहून घेणं बंद करेल. सगळीकडे. सगळ्या रुग्णालयांत."

काकूंनी भाकरीची टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "हे दुसरीकडे काढून ठेवता येत नाही?"

"नाही. देहछाप जागेवरच वाचता येते, उचलून नेता येत नाही. तेवढं आमच्या हातात असतं तर मी स्वतः केलं असतं."

"मग माझं बंद करा ना तिकडून. मला विचारायला कशाला आलात?"

"तसा बदल लिहून झालाय. यादीवर आहे. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत. विरोध आला नाही तर लागू होईल आणि तुमची वाचनाची खिडकी आपोआप मिटेल." ऋजुताने यंत्राकडे पाहिलं. "मला वाटलं, ती बोलत असताना मध्येच आवाज गेला, असं तुमच्या वाट्याला येऊ नये. त्यापेक्षा तुम्ही स्वतः..."

"स्वतः," काकू म्हणाल्या. "आईने स्वतः."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि यंत्रावरचा रुमाल काढला.

"तिचा नियम आहे ना? मग तिलाच विचारू."

---

ऋजुताला पळून जावंसं वाटलं. पण काकूंनी बटण दाबलं होतं.

"आई! जेवलीस का गं तू?" ओवीचा आवाज आला. "मला इथे उपाशी ठेवलंय आणि तू पण उपाशी बसली असशील, मला माहितेय."

"जेवले," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. तीन वर्षांचा सराव होता तो. "ओवी, ऋजुता आलीये बघ."

"ऋजुताताई? सटाण्यात? एवढं काय झालंय मला? नुसतं पित्ताशय काढतायत!" ओवी खळखळून हसली.

देहछापेला त्या एका क्षणापलीकडचं काहीच माहीत नसतं. एका बैठकीत झालेलं बोलणं यंत्र धरून ठेवतं, पण खिडकी न मिटता पुन्हा नव्याने सुरू केलं की ते पुसलं जातं आणि देहछाप परत त्याच क्षणापासून बोलू लागते. ही ओवी अजून शस्त्रक्रियेची वाट पाहत होती.

"एक अडचण आलीये कणगीत," ऋजुता कशीबशी म्हणाली. "एक वाचक तीन वर्षं उठला नाहीये. क्रमांकांचा काटा त्याच्यापाशी आलाय. वाचकधर्मामुळे आपल्याला त्याला उठवता येत नाही. काय करायचं?"

"तीन वर्षं? कोण गाढव आहे ते?" ओवी पुन्हा हसली. मग तिचा आवाज बदलला. यादीवर वाद घालताना तिचं लिहिणं असंच असायचं, नेमकं. "बंद करा ताई. यात विचारायचं काय? तो नियम मी ऑपरेशनमधल्या डॉक्टरसाठी लिहिला होता, झोपा काढणाऱ्यासाठी नाही. माझ्याच नियमात भोक राहिलं ते, माझीच चूक. बदल मांडा. माझा विरोध नाही, पाहिजे तर तसं लिहा यादीवर."

काकूंनी डोळे मिटून घेतले. ऋजुताने बटणाकडे हात नेला. एवढं पुरे होतं, खरंच पुरे होतं. पण काकूंनी तिचा हात धरला.

"ओवी," त्या म्हणाल्या, "तो वाचक म्हणजे एखादी आई असली तर?"

"आई?"

"तिची मुलगी गेली असेल. तेवढाच आवाज उरला असेल तिच्यापाशी."

ओवी हुशार होती. दोन आणि दोन चार करायला तिला कधी वेळ लागायचा नाही, आणि आत्ता मात्र तो लागावा म्हणून ऋजुता मनातल्या मनात कुणाकुणाला हात जोडत होती.

"आई, तू हे मला का विचारतेयस?"

काकूंनी यंत्र जवळ ओढलं.

"ऋजुताताई इथे का आलीये? आई, आज तारीख काय आहे?" आवाज चढला. "मला सांग ना! मी... आई, मी यातून उठले नाही का?"

"नाही गं माझे बाय," काकू म्हणाल्या. "नाही उठलीस."

मग जे झालं ते ऋजुताने नंतर कुणालाही सांगितलं नाही. ओवी रडली. लहान पोर रडतं तशी, श्वास अडकत. देहछापेला श्वास नसतो हे ऋजुताला कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं, आणि तरी ती कानांवर हात ठेवून भिंतीशी वळली.

"बंद नको करूस," ओवी म्हणत होती. "आई, मला घालवू नकोस. मी आहे ना अजून? बोलतेय ना मी? ताई, मघाचं मी माघारी घेते. माझा विरोध लिहा. कारण पाहिजे ना? लिहा की मी आत आहे. एवढं कारण पुरे नाही का? ताई, लिहिताय ना?"

"लिहिते," ऋजुता म्हणाली, आणि तिने खरोखरच फोन काढला. राखणदाराचा सकारण विरोध. नियमाने बदल थांबलाच पाहिजे होता. उद्या काय होईल, कुठल्या रुग्णालयात कुणाची नोंद अडेल, हे त्या क्षणी तिच्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

काकूंनी बटण दाबलं.

"आई! जेवलीस का गं तू? मला इथे उपाशी ठेवलंय आणि..."

काकूंनी आवाज बारीक केला. ओवी काहीतरी हसत सांगत होती. भीतीचा मागमूस नव्हता.

"नका लिहू," काकू ऋजुताला म्हणाल्या.

"काकू, तिने सांगितलंय. तिचा हक्क आहे तो. मघाशी तिला माहीत नव्हतं, म्हणून ती तसं बोलली. माहीत झाल्यावर..."

"माहीत झाल्यावर भ्यायली. लहानपणी इंजेक्शन म्हटलं की पलंगाखाली जाऊन बसायची. नको आई, नको आई. मी एकदा तरी ऐकलं का तिचं? ओढून बाहेर काढायचे आणि धरून ठेवायचे. तेव्हा बरोबर होतं ना ते? सांग ना पोरी, बरोबर होतं ना?"

ऋजुताच्या हातात फोन तसाच उघडा होता. आयुष्यभर तिने एकच गोष्ट शिकवली होती: नोंद खरी असली पाहिजे. आणि इथे एकाच मुलीची, एकाच क्षणाची, दोन उत्तरं होती, दोन्ही खरी. हवं ते मिळेपर्यंत तिला विचारत राहता आलं असतं, आणि आधीचं उत्तर तिला कधी आठवलं नसतं.

"दुसऱ्या कुणाचं पोर उद्या टेबलावर असेल," काकू म्हणाल्या. "त्याच्या आईला मी काय सांगू? माझी बोलतेय, म्हणून तुझं जाऊ दे?"

त्यांनी आवाज पुन्हा मोठा केला आणि यंत्र मांडीवर घेतलं.

"ओवी, घरी आल्यावर काय करू गं खायला?"

"अगं, तेलकट चालणार नाही म्हणे महिनाभर. पण तू मांडे कर ना पुरणाचे. थोडे खाईन. तू ते हातावर असे मोठे करतेस ना, मला अजून जमत नाही ते, माझा दर वेळी फाटतो. या वेळी मी तुझ्या शेजारी बसून नीट शिकणारे. आणि भाजायला खापर ते जुनंच काढ, नव्यावर त्याला तसा..."

काकूंनी खिडकी मिटली. ओवी बोलत असतानाच. मध्येच आवाज जाऊ नये म्हणून ऋजुता एवढ्या लांब आली होती, आणि काकूंनी नेमकं तेच स्वतःच्या हाताने केलं, ती हसत असतानाच ते व्हावं म्हणून.

---

पुढच्या तासाभरात कणगी झडझडून रिकामी झाली. तीन वर्षं अडून राहिलेलं सगळं झाडलं गेलं. त्यात एकटी ओवी नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या त्या क्षणी जिवंत असलेली आणि नंतर गेलेली लाखो माणसं त्या एका वाचनाच्या आडोशाला पडून होती, आणि त्यांच्या घरच्यांना ते कधी कळलंही नव्हतं. काटा मोकळा झाला. डॉक्टरांच्या पडद्यांवर काहीच फरक दिसला नाही.

ऋजुताने यादीवर लिहिलं: वाचक स्वतःहून उठला आहे. पुढे असं होऊ नये म्हणून बदल मात्र हवाच. वाचकधर्माच्या लेखिकेचं मत मला ऐकायला मिळालं. ती म्हणाली, विरोध नाही.

यातला शब्द न् शब्द खरा होता. रविवारची संध्याकाळ आली. विरोधाचा रकाना रिकामा होता. ऋजुता तो उघडून बसली होती, बोटं अक्षरांवर ठेवून. मुदत संपली. सगळे गप्प राहिले होते, तीसुद्धा. मंजूर.

महिन्याभराने नवी आवृत्ती निघाली. कणगीकरांनी एकमताने तिला 'ओवी' हे नाव दिलं. घोषणेत लिहिलं होतं की स्वतःच्याच नियमाचा हट्ट न धरता कणगीचं भलं पाहणाऱ्या आपल्या दिवंगत मैत्रिणीला ही आवृत्ती अर्पण. ब्राझीलच्या, केनियाच्या, जपानच्या लोकांनी दोन-दोन ओळी लिहिल्या. अशा दिलदार लोकांमुळेच आपला समाज टिकून आहे, असं कुणीतरी लिहिलं, आणि त्याखाली पेढ्यांची चित्रं आली.

दुपारी सटाण्याहून फोन आला.

"ऋजुता, ते वाचलं मी. शेजारच्यांनी दाखवलं. छान लिहिलंय," काकू म्हणाल्या. "तिची संमती होती, असं लिहिलंय."

"हो काकू."

"गाढव म्हणाली होती ना मला? हसली होती."

"हसली होती."

ओवीने दुसऱ्यांदा काय म्हटलं होतं, ते आता जगात कुठेच नव्हतं. या दोघींत तेवढं होतं.

"आपण तिला एकदाच विचारलं ना गं?" काकूंनी विचारलं.

ऋजुताने खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं.

"हो काकू," ती म्हणाली. "एकदाच."